पोट वाजलं, माझं

रेकॉर्डिंगमध्ये रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एक पुरुषी आवाज येतो. घोगरा, अगदी माइकजवळून. म्हणतो, "नको... राहू दे." मग दीडेक मिनिट काहीच नाही. मग लांबवर एक कुत्रं भुंकतं.

ही २०११ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका पेठेतला वाडा, बिल्डरला द्यायचा ठरलेला. भाडेकरू निघून गेलेले आणि मालकांच्या म्हणण्याप्रमाणे वरच्या माडीवर 'कुणीतरी वावरतं'. भुताखेतांचा तपास करणाऱ्या आमच्या टीमची ती पहिलीच रात्र, आणि पहिल्याच रात्री हे घबाड! तीन दिवस आम्ही ती चार सेकंदं ऐकत होतो. मी पोटापाण्यासाठी डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्टचं काम करतो, त्यामुळे आवाज साफ करायची सगळी हत्यारं हाताशी. गूंज काढली, वरचा खरखराट कापला, "नको" आणखी स्पष्ट झालं. चौकशी केली तर वाड्यात पूर्वी एक आजारी म्हातारे होते आणि शेवटी शेवटी ते औषध नाकारायचे, अशी कथाही दुसऱ्याच दिवशी मिळाली. अशा वेळी कथा हाकेच्या अंतरावर उभीच असते, फक्त बोलवायचा अवकाश.

चौथ्या दिवशी आम्ही टीममधल्या आमच्या वायरमनच्या घरी जमलो होतो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, स्पीकरवर आवाज चालू होता, आणि ट्रे टेबलावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "हे तर आमचे हे. रोज झोपेत असंच म्हणतात, पांघरूण घालायला गेलं की."

वायरमन त्या रात्री क्षणभरही डोळा लागला नसल्याचं आईची शपथ घेऊन सांगत होता. खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याला खरंच माहीत नव्हतं.

त्या चहानंतर आमच्या टीमचा पहिला नियम ठरला, आणि आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की खरं म्हणजे तेवढाच एक नियम आहे, बाकीची त्याची पिल्लं. नियम असा: रात्री बसलेलं असताना आपल्यामुळे जो काही आवाज होईल तो ज्याचा त्यानं लगेच, मोठ्यानं, लाज न बाळगता सांगायचा. रेकॉर्डर चालू असतो, त्यात नोंद होते. त्यामुळे आमची रेकॉर्डिंगं कुणी ऐकली तर हसून मरेल. अंधाऱ्या ओसाड घरात दोन-दोन तास शांतता आणि मधूनच कुणीतरी गंभीरपणे जाहीर करतंय: "पोट वाजलं, माझं." "खुर्ची. मी वळलो." "बाईंच्या बांगड्या." "माझा गुडघा." हे सांगितलं नाही तर आठ दिवसांनी कानाला हेडफोन लावल्यावर तो गुडघा राहत नाही, जिन्यावरचं पाऊल होतं.

टीम कशी सुरू झाली हे लोक विचारतात तेव्हा त्यांना काहीतरी भारी ऐकायचं असतं. लहानपणी काहीतरी दिसलं, आजीनं काहीतरी सांगितलं. मला काही दिसलेलं नाही. २००४ साली अमेरिकेत दिवसा प्लंबरकाम आणि रात्री भुतांचा शोध करणाऱ्या दोघांच्या पथकावर टीव्ही मालिका सुरू झाली होती. ती इकडे केबलवर लागायची आणि मी रात्रपाळीहून आलो की बघत जेवायचो. मग दिल्लीत गौरव तिवारी नावाच्या तरुणानं २००९ साली इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी काढल्याचं वाचलं. वैमानिक व्हायला अमेरिकेत गेलेला मुलगा हेच काम पूर्णवेळ करायला लागला होता. आपल्याकडे माइक आहेत, रेकॉर्डर आहे, रात्री जागायची सवय आहे, मग आपण का नाही, इतकाच माझा विचार. बाकी तिघं अशी: सोसायटीचा वायरमन, बहिणीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आणि त्यांचाच एक माजी विद्यार्थी, तेव्हा इंजिनिअरिंगला असलेला. त्याला आम्ही धाकटा म्हणायचो. वाहन माझी जुनी ओम्नी. टीमचं नाव काय ठेवायचं यावर दोन महिने वाद झाला आणि शेवटी नाव राहिलंच. लोकांनी आपलं आपण ठेवलं, 'भूतवाले'. "ते भूतवाले आले का?" म्हणजे गॅसवाला आला का, त्याच सुरात.

पुण्याचे म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: शनिवारवाड्यात गेलात का? नाही गेलो. रात्री तिथे कुणाला जाऊ देत नाहीत. पण माझा आक्षेप वेगळाच आहे. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा आणि तो झाला भरदुपारी. मग "काका, मला वाचवा" ही हाक मध्यरात्री आणि तीही अमावास्येला की पौर्णिमेला, हे कुणी ठरवलं? शिवाय १८२८ च्या आगीत वाड्याच्या माड्या, दालनं सगळं जळून गेलं. उरला तट, दरवाजे आणि जोती. ज्या दालनांतून अठरा वर्षांचा तो पोर काकाकडे धावला ती दालनंच नाहीत. हे मी एकदा एका रिक्षावाल्याला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, त्याला काय भिंती लागतात का?" मीटर थांबवून सुटे देईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

टीम काढायची म्हणजे माणसं गोळा करायची, आणि तिथेच सगळं येतं. इंग्लंडात हॅरी प्राइस नावाच्या गृहस्थानं १९३७ साली बॉर्ली गावचं पाद्र्याचं जुनं घर एका वर्षाच्या भाड्यानं घेतलं आणि 'द टाइम्स'मध्ये चक्क जाहिरात दिली, की भुताटकीच्या घरात पहारा करायला निरीक्षक हवेत. त्यातून ४८ जण निवडले. प्रत्येकाला त्यानं छापील सूचनांची पुस्तिका दिली: काय बघायचं, काय लिहायचं. मात्र याच पुस्तिकेत त्या घरात आधी काय काय दिसलंय तेही लिहिलेलं होतं. म्हणजे परीक्षेला बसवायचं आणि उत्तरपत्रिका आधीच हातात द्यायची. पुढे १९५६ साली त्याच क्षेत्रातल्या तिघांनी प्राइसच्या बॉर्लीतल्या कामाची चिरफाड केली. मी ही हकिगत वाचली तेव्हा आमचंही तेच चालू होतं. घरमालक फोनवर जे सांगतील ते मी ओम्नीत बसल्या बसल्या सगळ्यांना रंगवून सांगायचो. त्यानंतर ठरलं, की हकिगत फक्त एकानं ऐकायची आणि त्यानं त्या रात्री बाहेर पडवीत बसायचं. आत जाणाऱ्यांना घराचा पत्ता सोडून काही माहीत नसावं.

आमच्याकडे यायला लोक खूप उत्सुक असतात. एकदा धाकट्यानं कॉलेजच्या बोर्डावर चिठ्ठी लावली तर आठवड्यात तीसेक जण आले. त्यातल्या निम्म्यांना फोटो काढायचे होते. काहींना आधीच 'जाणवायचं', आणि ज्याला आधीच जाणवतं त्याला पहाऱ्यावर बसवून काय उपयोग? दोघं असे, ज्यांचं कुणीतरी नुकतंच गेलं होतं. त्यांना बाई वेगळं बसवून, चहा पाजून, घरी सोडून आल्या. मला कळलेलं एवढंच, की या कामाला धीट माणूस लागत नाही, कंटाळा सोसणारा लागतो. सहा तास काही घडत नसताना दर दहा मिनिटांनी वहीत "काही नाही" असं सुवाच्य अक्षरात लिहिणारा. असा माणूस शंभरात एक. आमच्या वायरमनमध्ये तो गुण होता, फक्त पहाटे दोननंतर नव्हता.

हत्यारांबद्दल लोकांना फार कुतूहल. चुंबकीय क्षेत्र मोजणारं एक मीटर असतं, त्यावर पाच दिवे, क्षेत्र वाढलं की हिरव्यापासून लालपर्यंत पेटत जातात. टीव्हीवर लाल दिवा पेटला की भूत आलं. आमचा पेटला तेव्हा वायरमन भिंतीला कान लावल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे. फेज इकडून नेलाय आणि न्यूट्रल पार त्या टोकानं. लाल होणार नाही तर काय होणार?" दोन्ही तारा जवळून गेल्या तर एकीचं क्षेत्र दुसरी खाऊन टाकते, लांबून गेल्या तर मधल्या सगळ्या खोलीत पसरतं. खिशातल्या मोबाइलनंही ते मीटर नाचतं. पाच हजारांच्या त्या खेळण्यापेक्षा त्याचा वीस रुपयांचा टेस्टर आम्हाला जास्त वेळा कामी आला. तीन घरांत त्यानं उघड्या तारा बदलून दिल्या, पैसे घेतले नाहीत. एका आजींनी त्याला मांत्रिक समजून वाकून नमस्कार केला. त्यानं तो घेतला, हे मला आवडलं नव्हतं.

फोटोतले पांढरे गोळे म्हणजे फ्लॅशमध्ये चमकणारी धूळ. ते एका ओळीत संपवतो.

आवाजाचं मात्र तसं नाही. तो माझा प्रांत. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये फ्रीडरिख युर्गेनसन पक्ष्यांचे आवाज टेप करत होता आणि टेपवर त्याला माणसांचे शब्द ऐकू आले. त्याच्यामागून कॉन्स्टान्टिन राउदिवेनं असे हजारो आवाज जमवले. जगभरच्या टीम अंधारात रेकॉर्डर ठेवून "इथे कुणी आहे का?" असं जे विचारतात ते तिथून आलं. मी रोज आठ तास लोकांच्या तोंडचे शब्द ऐकतो, त्यामुळे सांगतो: कानाला शब्द ऐकायची हावच असते. अर्धा आवाज द्या, उरलेला अर्धा तो आपल्या पदरचा घालतो. एकदा भोरकडच्या एका बंद गिरणीत असाच एक तुकडा मिळाला. मी चौघांना चार कागद दिले आणि एकेकट्यानं ऐकून लिहायला सांगितलं. धाकट्यानं लिहिलं "पाणी दे". बाईंनी लिहिलं "फाटक लाव". वायरमननं लिहिलं "बिडी आहे?" माझ्या कागदावर काय होतं ते सांगत नाही, पण त्या आठवड्यात माझा हप्ता थकला होता. नंतर चौघांनी एकत्र बसून बाईंचा कागद वाचला आणि पुन्हा ऐकलं, तर चौघांनाही स्वच्छ "फाटक लाव" ऐकू आलं. आजही येतं. आता ते काढून टाकताच येत नाही.

मायकेल फॅरडेनं हे १८५३ सालीच टेबलावर करून दाखवलं होतं. तेव्हा लंडनमध्ये टेबल फिरवायचं वेड होतं. लोक भोवती बसून हात ठेवायचे आणि टेबल सरकायचं. आपल्याकडे प्लँचेटची वाटी सरकते तसंच. फॅरडेनं हातांखाली पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकटवणीनं जोडून ठेवले आणि नंतर पाहिलं, कोण आधी सरकलं? वरचा थर. म्हणजे हात. टेबल मागून आलं. आणि ती सगळी भली, प्रामाणिक माणसं होती, कुणी मुद्दाम ढकलत नव्हतं. मला त्यात आमचा वायरमन दिसतो, आईची शपथ घेणारा.

त्यामुळे जे लोक आम्हाला बोलावतात ते खोटं बोलतात असं मी मुळीच म्हणत नाही. लंडनची सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च १८८२ मध्ये स्थापन झाली, केंब्रिजच्या प्राध्यापकांनी वगैरे मिळून. त्यांनी १७,००० लोकांना विचारलं होतं, की पूर्ण जागे असताना तुम्हाला समोर नसलेलं कुणी दिसलं, ऐकू आलं किंवा स्पर्शून गेलं का? १८९४ च्या त्यांच्या अहवालात साधारण दहातला एक जण हो म्हणालेला आहे. दहातला एक! तुमच्या मजल्यावर चार फ्लॅट असतील तर हिशेब करा. लोकांना होतं ते खरंच होतं. प्रश्न फक्त, ते कुठून येतं.

एकदा उत्तर बाथरूममध्ये मिळालं. उपनगरातला वन रूम किचन, नवराबायको, दोन वर्षांची मुलगी. बायको म्हणायची, आंघोळीला गेलं की मागे कुणीतरी उभं राहतं, छातीवर दाब येतो, डोकं जड होतं, आणि हे फक्त हिवाळ्यात. आमची पहिली भेट नेहमी दिवसाची असते. बाई आत गेल्या, वर बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, "हा गॅस गीझर कधी बसवला?" खिडकीची काच थंडी लागते म्हणून टेपनं बंद केलेली. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या नेत्ररोगाच्या एका नियतकालिकात अशीच एक हकिगत छापून आलेली आहे. अख्ख्या कुटुंबाला पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची, डोकी दुखायची, घरातली झाडं सुकायची. शेवटी भट्टी सदोष निघाली आणि कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाल्यावर भुतं गेली. त्या जोडप्याला आम्ही त्याच दुपारी गीझर बंद करायला लावला. रात्री बसलोच नाही. नवरा जरा हिरमुसला, त्यानं शेजाऱ्यांना आम्ही येणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

आता ज्याच्यामुळे आम्ही मोडता मोडता राहिलो ते.

सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव, डिसेंबरचा महिना. रात्री घराच्या पत्र्यावर दगड पडायचे. दोरीवरचे कपडे सकाळी कापलेले असायचे. तिकडे याला सरळ भानामती म्हणतात. एकत्र घर: काका, काकू, त्यांची दोन मुलं आणि वारलेल्या थोरल्या भावाचा तेरा वर्षांचा मुलगा. गावानं गुन्हेगारही ठरवून ठेवली होती, पलीकडच्या गल्लीतली एक विधवा चुलत चुलती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तिच्या दारावर कुणीतरी काळं फासलं होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. २०१३ च्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदाही होऊन गेला होता. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पण दारावरचं काळं कायदा येऊन पुसत नाही.

आम्ही बसलो. साडेअकराच्या सुमारास पत्र्यावर धाडकन दगड आला आणि गडगडत अंगणात पडला. सगळे आत पळाले, बाई बाहेर गेल्या. त्यांनी तो उचलला आणि माझ्या हातात दिला. काही बोलल्या नाहीत. थंडी अशी, की तोंडातून वाफ निघत होती. अंगणातल्या बाकीच्या दगडांना हात लावला तर बर्फ, आणि हा कोमट. वायरमननं तापमानाची बंदूक धरली: इतर दगड १४, १५ अंश. हा २९. कुणाच्या तरी खिशात तासभर तरी होता.

मी त्या मुलाकडे बघितलं. तो अंगावर शाल घेऊन पायरीवर बसला होता, दोन्ही हात शालीच्या आत. धाकट्याच्याही लक्षात आलं आणि तो कॅमेरा त्याच्यावर रोखायला लागला, तर बाईंनी लेन्सवर हात ठेवला. मग त्या मुलाशेजारी जाऊन बसल्या आणि आमची नोंदवही त्याच्या मांडीवर ठेवली. "अक्षर चांगलं आहे का तुझं? मग आता तू लिही. दर दहा मिनिटांनी. काय झालं ते. आणि आपला कुणाचा आवाज झाला तर तोही लिहायचा, नाव घालून." टॉर्च त्याच्या हातात दिला. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पेन.

ती पानं माझ्याकडे आहेत. "११.५० काही नाही. १२.०० काही नाही. १२.१० काका खोकले. १२.२० काही नाही. १२.३० मी शिंकलो." असं पहाटे पाचपर्यंत. एकही दगड पडला नाही.

सकाळी काकांना नाव हवं होतं. ओट्यावर वीसेक माणसं जमलेली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी प्रकरणं हाताळली आहेत. करणारा बहुधा घरातलाच असतो, त्याला बाजूला घेऊन बोलायचं आणि चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. बाईंना ती ठाऊक होती. पण नाव घेतलं नाही तर चुलती सुटत नाही, आणि घेतलं तर पोराची धडगत नाही. बाई उभ्या राहिल्या, शाळेत प्रार्थनेनंतर सूचना देतात तशा. म्हणाल्या, "दगड माणसानं मारलेत. करणी नाही. त्या बाईंचा काहीएक संबंध नाही, हे आम्ही लिहून सही करून देतो. कुणी मारले ते आम्हाला कळलंय. आता पडणार नाहीत. पडले तर फोन करा, आम्ही आमच्या खर्चानं येऊ." मग काकांना घेऊन त्या शेतापर्यंत चालत गेल्या. मुलाला जूनपासून लांबच्या वसतिगृहात टाकायचं ठरत होतं, हे तिथे निघालं. काकांना कळलं का? चेहऱ्यावरून तरी मला सांगता आलं नाही. फोन आला नाही एवढं खरं. चुलतीच्या दारावरचा रंग कुणी पुसला का, ते बघायला मी परत गेलो नाही, आणि ते मला टोचतं.

परतीच्या वाटेवर ओम्नीत धाकटा आणि बाई कडाकडा भांडले. त्याचं म्हणणं, आपल्याकडे पुरावा होता आणि आपण तो गिळला. तपास करायचा आणि निकाल लपवायचा तर आपण आणि मांत्रिक यांत फरक काय? बाई म्हणाल्या, "मांत्रिक पैसे घेतो." हे काही उत्तर नव्हे, आणि त्यांनाही ते माहीत होतं. महिनाभरानं तो गेला. जाताना जुन्या वाड्यांची सगळी चित्रफीत घेऊन गेला आणि पुढे ती एका चॅनेलवर भलत्याच संगीतासकट दिसली. "पोट वाजलं, माझं" हे सगळीकडून कापलेलं होतं. आवाज तेवढे ठेवले होते. मी रागावलो, पण रेकॉर्डिस्ट म्हणून सांगतो, कापणी सफाईदार होती.

त्याआधी एकदा टीम बंद पडता पडता राहिली होती. २०१६ च्या जुलैत गौरव तिवारी ऐन तिशीत गेला आणि त्याच्या मृत्यूभोवती टीव्हीवर जे काही चाललं ते आईनं गावी बसून बघितलं. फोन आला: "ती यंत्रं आधी घराबाहेर काढ." मी ती स्टुडिओच्या कपाटात नेऊन ठेवली. अजून तिथेच असतात.

कोकणात आमची फजिती वेगळ्या तऱ्हेनं झाली. मालवणकडचं घर, मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलानं बोलावलेलं. रात्री माळ्यावर कुणीतरी धावतं आणि परसात कुणीतरी घोरतं. माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, निघाला. परसातल्या पडक्या मांगराच्या कौलाखाली गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं. भूक लागली की ती असा काही फुत्कार टाकतात, की घोरण्याची शपथ घ्यावी. आम्ही खूश. सकाळी पडवीत बसून मी आजोबांना सगळं समजावलं आणि शेवटी म्हणालो, "तर आजोबा, तुमच्याकडे काहीच नाही."

आजोबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "नाय म्हणजे?" ते म्हणाले. "मगे आमी दर वर्साक कोंबो देतव तो कोणाक?"

परसाच्या टोकाला आईनाच्या झाडाखाली राखणदाराची जागा होती. पणजोबांच्या काळापासून त्याला वर्षाचा नारळ आणि कोंबडा. गुरं हरवली तर तो परत आणतो, चोर आला तर त्याला रात्रभर परसातच फिरवतो. मुलाला जे भूत वाटत होतं ते आजोबांचं घरचं माणूस होतं, आणि मी पुण्याहून यंत्रं घेऊन येऊन ते नाही म्हणून सांगत होतो. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी सुधारून घेतलं, "आजोबा, माळ्यावर कांडेचोर आहे, मांगरात घुबड आहे. झाडाकडे आम्ही गेलोच नाही." अडकित्ता पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून अहवालात "इथे काही नाही" हे वाक्य आम्ही लिहीत नाही. कुठे बसलो, किती वाजता काय ऐकलं, त्यातलं कशाचं कारण सापडलं, तेवढंच.

आता आम्ही तिघंच. वर्षाकाठी तीन-चार घरं, पेट्रोल वर्गणीनं, चहा यजमानांचा. बाई निवृत्त झाल्या. वायरमनला रात्री दोनला उठवायची जबाबदारी माझ्याकडे. मागच्या महिन्यात एका घरात पहाटे तीनला जिन्यात काहीतरी वाजलं, तिघांनीही ऐकलं आणि तिघंही गप्प. कुणीच "माझं" म्हणालं नाही. वहीत वेळ आणि "जिना, कारण नाही" एवढं लिहिलंय. त्या घरी पुन्हा जायचंय, पावसाळा संपला की.

या कामानं एक खोड मात्र लागली. घरी मध्यरात्री पाणी प्यायला उठलो, की अंधारात सांधा कट्कन वाजतो आणि तोंडातून आपसूक निघतं, "गुडघा, माझा."

आतून बायकोचा आवाज येतो, "लिहून घेतलं. झोपा."